डायलिसिस घरी आणायचं? आधी टाकी बघा

सोलापुरात डायलिसिस म्हटलं की आठवड्यातले तीन दिवस गेले. मशीनवर चारच तास लागतात. पण अक्कलकोट, मंगळवेढा किंवा पंढरपूरहून येणाऱ्याचा जाण्यायेण्यात, नंबर लागण्यात आणि उतरलेलं बीपी ताळ्यावर येईपर्यंत अख्खा दिवस मोडतो. सोबतच्या माणसाचाही रोज बुडतो. मग कोणीतरी सुचवतं, 'मशीन घरीच का नाही बसवत?' हा विचार वावगा नाही. मात्र त्याचं उत्तर पेशंटच्या रिपोर्टमध्ये जितकं असतं, तितकंच गच्चीवरच्या टाकीत आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात असतं.

'घरी' म्हणजे नेमकं काय?

दोन प्रकार आहेत. एकात टेक्निशियन घरी येतो, मशीन लावतो आणि चार तास थांबून, सुया काढून जातो. आपल्याकडे 'होम डायलिसिस' म्हणतात ते बहुधा हेच. दुसऱ्यात पेशंट आणि घरचा एक जण काही आठवडे प्रशिक्षण घेऊन सगळं स्वतः करतात. परदेशात ही पद्धत 1960च्या दशकापासून आहे. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये केंद्रातल्या जागा अपुऱ्या पडल्या, म्हणून मशीन घरी गेलं होतं.

फायदा कुठे आहे?

खरा फायदा वेळापत्रकात आहे. केंद्रात आठवड्यातून एकदा मोठा खंड पडतो: शनिवारनंतर थेट मंगळवार. त्या दिवसांत पाणी आणि पोटॅशियम साठतं, हृदयावर ताण येतो आणि त्या खंडाच्या शेवटी मृत्यूचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसलं आहे. घरी मशीन असेल तर आठवड्यातून चार-पाच वेळा किंवा रात्री झोपेत सहा-आठ तास सावकाश डायलिसिस करता येतं. एका वेळी कमी पाणी ओढलं जातं, बीपी कमी वेळा पडतं आणि पथ्यही थोडं सैल होतं. शेंगाचटणी ताटातून गेलेल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको (तरी तिच्यातलं मीठ आणि फॉस्फरस डॉक्टरांना विचारूनच). मेच्या उन्हात पाणी मोजून पिणाऱ्यालाही जरा हायसं वाटतं.

पण टेक्निशियन आठवड्यातून तीनदाच येणार असेल, तर यातलं बरंचसं मिळत नाही. वाचतो तो प्रवास. तेवढ्यासाठी किती खर्च करायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पाण्याचा हिशेब

मशीनमधून दर मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर. पाणी शुद्ध करणारा आरओ बाजूला टाकतो ते आणि मशीन धुण्याचं पाणी धरलं, तर एका वेळचा आकडा 250 लिटरच्या पुढे सहज जातो. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय जुनी आहे. दोन पाळ्यांमध्ये दोन डायलिसिस धरली, तर 500 लिटरची टाकी एकट्या मशीनला लागली. आंघोळ, धुणं, स्वयंपाक वेगळाच.

पाणी पुरलं तरी ते शुद्ध हवं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पिताना चालतं. डायलिसिसमधून रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं. म्हणून आरओच्या आधी कार्बन फिल्टर लागतो आणि प्रत्येक वेळी क्लोरीनची चाचणी करावी लागते. बोअरचं पाणी जड असेल तर सॉफ्टनरही लागतो. 'आमच्याकडे आरओ आहे की' असं पुष्कळ जण म्हणतात. स्वयंपाकघरातला आरओ इथे कामाचा नाही. इथे तासाला 30 लिटर लागतं, तेही ठरावीक काळाने जंतूंसाठी तपासलेलं.

वीज आणि दुसरा माणूस

मशीनला स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग हवं. वीज गेली तर मशीनची बॅटरी थोडा वेळ पंप चालवते. तेवढ्यात रक्त परत शरीरात घ्यायचं असतं. इन्व्हर्टरच्या भरवशावर चार तास काढू नयेत.

त्याहून अवघड गोष्ट सुईची. नळीतून मिनिटाला 250 ते 300 मिलिलिटर रक्त फिरतं. परतीची सुई निसटली आणि लक्ष गेलं नाही, तर दोन मिनिटांत अर्धा लिटर रक्त गादीत जातं. म्हणून हात पांघरुणाखाली ठेवायचा नाही आणि शेजारी जागं माणूस हवं. हे काम बहुतेक घरांत बायको किंवा सुनेच्या गळ्यात पडतं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारावं. सगळ्यांसमोर ती 'करीन की' म्हणणारच.

वापरलेल्या सुया आणि रक्त गाळणारे डायलायझर घंटागाडीत टाकता येत नाहीत. ते परत कोण नेणार, हे आधीच ठरलेलं असावं.

कोणी या वाटेला जाऊ नये

मशीनवर वारंवार बीपी पडतं, हृदय फार कमजोर आहे, झटके येतात किंवा फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) धड चालत नाही, अशांनी केंद्रातच राहावं. नव्याने डायलिसिस सुरू झालेल्यांनीही काही महिने केंद्रात काढावेत. शरीर कसं साथ देतं ते कळतं.

पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि 2016 मध्ये सुरू झालेला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांचा आधार मुख्यतः रुग्णालयातल्या डायलिसिसला आहे. मशीन घरी आणलं की खर्च खिशातून. खासगी विमा असेल तर घरचे उपचार त्यात बसतात का, हे लेखी विचारून घ्या.

मधली वाट: पोटाचं डायलिसिस

माझ्या मते घरीच करायचं असेल तर बहुतेक सोलापूरकरांनी आधी याचा विचार करावा. पोटात नळी बसवतात आणि दिवसातून तीन-चार वेळा साधारण दोन लिटर द्रव भरून काही तासांनी काढतात. पिशव्या तयार येतात, म्हणून टाकी नको. हाताने करायच्या पद्धतीत वीजही नको. सुया नाहीत, रक्त बाहेर येत नाही. मुख्य भीती पोटात जंतुसंसर्ग होण्याची. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पिशव्या ठेवायला कोरडी जागा आणि हात धुण्याची कडक शिस्त एवढं मात्र हवंच. वर सांगितलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिससाठी 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या आहेत. आपल्या रुग्णालयात त्याची सोय आहे का, हे नेफ्रॉलॉजिस्टना थेट विचारा.

त्याच भेटीत प्रत्यारोपणाचीही चौकशी करा. घरात दाता नसेल आणि प्रकृती प्रत्यारोपणाला योग्य असेल, तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठीची प्रतीक्षायादी सोलापूरकरांना पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे लागते. तिथली नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते. डायलिसिस केंद्रात चालू असो वा घरी, ती लांबवू नका.