कुत्र्याचं आद्याक्षर

आमच्या यावलकडे केळीच्या बागेला राखणीचा कुत्रा लागतोच. रानडुकरं एका रात्रीत खोडं लोळवतात. नवं पिल्लू आलं की वाद नावाच्या अक्षराचा. आई पंचांग काढते. रोहिणी नक्षत्राची अक्षरं ओ, वा, वी, वू, म्हणजे वाघ्या. पूर्वा फाल्गुनीची मो, टा, टी, टू. मोती आणि टायगर एकाच नक्षत्रावरचे निघाले की! (पिल्लाची जन्मवेळ कोण सांगणार, हे मी विचारत नाही.) फ्रान्समध्ये वंशावळ नोंदलेल्या कुत्र्यांसाठी दर वर्षाचं आद्याक्षरच ठरलेलं असतं, २०२५चं ‘ए’ होतं.

मी मात्र कानानं अक्षर निवडतो. क, ख, ट अशी कडक अक्षरं पंपाच्या आवाजातही वेगळी ऐकू येतात. नाव छोटं, शेवट लांबवता येणारा: काळ्या, टिप्या, खंड्या. खंडोबासोबत कुत्रा असतोच, त्यामुळे खंड्यावर आईचीही हरकत नसते. ‘बस’, ‘नको’ यांच्या जवळ जाणारं नाव टाळा. आळीत कुणाचा मुलगा राजा असेल तर तेही! आणि एकदा ठरलं की घरातल्या सगळ्यांनी त्याच एका नावानं हाक मारा.