‘क्षारीय’ पाणी आणि पाण्याचें यंत्र : कांहीं शब्दांचा उलगडा

शहरांत आणि आतां कित्येक मोठ्या गांवांतही एक नवें यंत्र विक्रीस येऊं लागलें आहे. विहिरीचें अगर नळाचें पाणी एका बाजूनें आंत सोडावें आणि दुसऱ्या बाजूनें ‘क्षारीय आयनीकृत जल’ भरून घ्यावें, अशी त्याची ख्याति सांगितली जाते. यंत्राची किंमत लहानसहान नसते; कांहीं यंत्रें लाखाच्या पुढें जातात. ज्या घरीं ठिबकाचा संच किंवा विहिरीचें खोलीकरण पैशाअभावीं अडून राहिलें आहे, त्या घरानें कर्ज काढून हें यंत्र घ्यावें कीं काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याचा निर्णय ज्यानें त्यानें करावयाचा आहे. परंतु विक्रेत्याच्या तोंडीं जे शब्द असतात त्यांचा अर्थ ठाऊक असल्यावांचून कोणाचाही निर्णय शहाणपणाचा होणार नाहीं, म्हणून त्या शब्दांची फोड येथें क्रमानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्षार आणि अल्क.— पहिला घोटाळा ‘क्षार’ या शब्दापासूनच होतो. आमच्या मराठींत क्षार म्हणजे मीठ किंवा मिठासारखा पाण्यांत विरघळणारा पदार्थ. शेतकी खात्याच्या पत्रिकेंत ‘क्षारयुक्त जमीन’ असें लिहितात तें याच अर्थानें, आणि बोलण्यांत तिलाच आपण खारवट जमीन म्हणतों. शाळेच्या पुस्तकांतही आम्ल व आम्लारि यांच्या संयोगानें जो पदार्थ होतो त्यास क्षार असेंच नांव आहे. हिंदींत मात्र अशा पदार्थास ‘लवण’ म्हणतात, आणि ‘क्षार’ हा शब्द आम्लाच्या उलट धर्माच्या पदार्थास लावतात. हिंदीवरून उतरविलेल्या जाहिरातींतून ‘क्षारीय जल’ हा शब्द मराठींत जसाच्या तसा येतो आणि वाचणाराची समजूत होते कीं, हें कांहीं तरी खारें पाणी असावें. वस्तुतः तेथें अभिप्रेत असतें तें ‘अल्कधर्मी’ पाणी. कृषिविषयक लिखाणांत त्यास ‘विम्ल’ असेंही म्हणतात.

खारेपणा आणि अल्कधर्म या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, तरी त्याचा अल्कधर्म सौम्यच असतो. उलट चुन्याच्या निवळींत दर लिटरला दोन ग्रॅमदेखील चुना विरघळलेला नसतो, पण तिचा अल्कधर्म इतका तीव्र असतो कीं ती डोळ्यांत गेल्यास इजा होते. तेव्हां ‘पाण्यांत क्षार किती?’ आणि ‘पाणी किती अल्कधर्मी?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत.

सामू.— दुसऱ्या प्रश्नाचें माप म्हणजे सामू. इंग्रजी जाणणारे यास पी. एच्. म्हणतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सेन या रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं हें माप प्रचारांत आणिलें. सर्वसाधारण उष्णमानांत ७ हा सामू उदासीन. त्याखालीं आम्लधर्म, त्यावर अल्कधर्म. हें माप दहाच्या पटीनें चालतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. सामू ७ चा ८ झाला म्हणजे पाण्यांतील हायड्रोजन आयनांचें प्रमाण दहाव्या हिश्शावर येतें, आणि ९ झाला म्हणजे शंभराव्या हिश्शावर. ‘आमचें पाणी शेंकडों पट अल्कधर्मी’ असें विक्रेता म्हणतो तें याच मापाच्या आधारानें म्हणतो. तें खोटें नसतें, परंतु त्यावरून पाण्यांत काय आणि किती आहे याचा बोध होत नाहीं.

एकूण अल्कता.— तो बोध एकूण अल्कतेनें होतो. पाण्यांत आम्ल मारण्याची शक्ति किती सांठविलेली आहे, याचें हें माप असून तें दर लिटरला इतके मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असें लिहितात. सामू आणि अल्कता यांतील भेद शेतकऱ्यास पैसेवारीच्या दृष्टान्तानें चटकन् कळेल. पैसेवारी पिकाची प्रत सांगते. पण ती दोन गुंठ्यांची कीं वीस एकरांची, आणि खळ्यांत रास किती पडली, हें कांहीं सांगत नाहीं. सामू ही पैसेवारी, अल्कता ही रास.

थोडा हिशेब करून पाहूं. क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्याचा सामू ९.५ केला, तर त्यांत जो अल्क असतो तो दर लिटरला अवघ्या दीड-पावणेदोन मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाच्या तोडीचा भरतो. याच्या उलट, एखाद्या विहिरीच्या पाण्याचा सामू ७.८ असूनही त्याची अल्कता २०० मिलिग्रॅम असूं शकते. त्यांत विरघळलेल्या बायकार्बोनेटांचें हें काम. म्हणजे सामूच्या आंकड्यानें जें पाणी मागें दिसतें, तेंच आम्ल मारण्यांत शंभर पटींहून पुढें असतें. जठरांतील रसाचा सामू २ धरला, तर ९.५ सामूच्या त्या निःक्षार पाण्याचा पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, घोट त्या रसाचा एक मिलिलिटरदेखील उदासीन करूं शकत नाहीं.

आयन.— आतां ‘आयनीकृत’ या शब्दाकडे वळूं. मायकेल फॅरेडे यांनीं १८३४ सालीं ‘आयन’ हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. विजेचा भार असलेला कण द्रवांतून विरुद्ध भाराच्या अग्राकडे जातो, म्हणून हें नांव. मीठ पाण्यांत विरघळलें कीं त्याचे सोडियम व क्लोराईड असे आयन सुटे होतात. त्यामुळें आपल्या विहिरीचें, ओढ्याचें, नळाचें सर्वच पाणी आधींपासून आयनयुक्त असतें. यंत्र पाण्यांत आयन प्रथमच निर्माण करतें असा कोणाचा समज असेल तर तो सोडावा.

यंत्राचें कार्य.— यंत्रांत प्लॅटिनमचा मुलामा दिलेले टिटॅनियमचे पत्रे असून त्यांच्यामध्यें एक बारीक पडदा असतो. वीज सोडली म्हणजे पाण्याचें विद्युत्-अपघटन होतें. ऋणाग्रापाशीं हायड्रोजन वायु सुटतो आणि हायड्रॉक्सिल आयन मागें राहतात, म्हणून त्या बाजूचें पाणी अल्कधर्मी होतें. कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम यांचे आयनही तिकडेच ओढले जातात. धनाग्रापाशीं प्राणवायु सुटून पाणी आम्लधर्मी होतें आणि तें दुसऱ्या नळीनें बाहेर पडतें. विजेनें पाणी फोडण्याची ही क्रिया निकोल्सन व कार्लाइल यांनीं १८०० सालींच करून दाखविली होती. तेव्हां तींत गूढ असें कांहीं नाहीं. यावरून दोन गोष्टी ओघानेंच निघतात. क्षार अजिबात नसलेल्या पाण्यांतून वीज नीट वाहत नाहीं, म्हणून तेथें यंत्र चालत नाहीं. आणि पाणी जड असेल तर ऋणाग्रावर चुन्याचें पुट चढतें व तें वरचेवर धुवावें लागतें.

ऑक्सिडीकरण-क्षपण विभव.— हा लांबलचक शब्द इंग्रजी आद्याक्षरांनीं ओ. आर. पी. असा सांगतात आणि तो मिलिव्होल्टमध्यें मोजतात. यंत्राच्या पाण्याचा आंकडा ऋण येतो, तो मुख्यतः त्यांत विरघळलेल्या हायड्रोजन वायूमुळें. हा वायु पाण्यांत फार थोडा विरघळतो आणि उघड्या भांड्यांत कांहीं तासांतच उडून जातो; त्याबरोबर तो ऋण आंकडाही जातो. रात्रीं भरून ठेविलेल्या कळशीस हा गुण सकाळीं लावणें व्यर्थ होय.

प्रयोगाचें रहस्य.— विक्रीच्या वेळीं एक प्रयोग हमखास करतात. दोन पेल्यांत दोन प्रकारचें पाणी घेऊन त्यांत लोखंडी कांड्यांचें विजेचें उपकरण बुडवितात. गाळून निःक्षार केलेलें पाणी स्वच्छ राहतें आणि शेतकऱ्याच्या विहिरीचें पाणी हिरवट-तांबूस गढूळ होतें. ‘पहा, तुम्ही काय पितां!’ असें मग सांगण्यांत येतें. तो गाळ विहिरींतला नसतो. क्षारांमुळें वीज वाहते, त्या विजेनें लोखंडी कांडी झिजते, आणि झिजलेलें लोखंडच गंजून पेल्यांत तरंगतें. दुसऱ्या पेल्यांत चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग पुन्हां करावयास सांगावें, म्हणजे उलगडा तेथल्या तेथें होतो. रंगाच्या थेंबांचा प्रयोग खरा असतो, पण तो केवळ सामू दाखवितो. खाण्याचा सोडा टाकलेलें पाणीही तसाच रंग बदलतें.

प्रकृतीविषयीं.— या यंत्रांचा प्रसार मुख्यतः जपानांतून झाला. तेथील आरोग्य खात्यानें १९६५ सालीं त्यांस मान्यता दिली ती पोटाच्या कांहीं तक्रारींपुरती. मधुमेह, संधिवात वा कर्करोग यांवरील औषध म्हणून नव्हे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान राखण्याचें काम फुप्फुसें व मूत्रपिंडें अहोरात्र करीत असतात. पेलाभर पाण्यानें तो बदलत नाहीं, आणि बदलला असता तर तें दुखणेंच ठरलें असतें. मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं असें पाणी वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

जमिनीच्या दृष्टीनें.— घरांत ज्या गुणासाठीं पैसे मागितले जातात, तोच गुण शेतांत शत्रु ठरतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून गेलेल्या खारपाणपट्ट्याचा अनुभव पुढें आहेच. नीरेच्या खोऱ्यांतील कालव्याखालच्या खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांनीं करून १९१० सालीं प्रसिद्ध केला होता. पाण्यांत सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट अधिक असले म्हणजे चिकणमातीचे कण सुटे होतात, जमीन वाळल्यावर दगडासारखी होते, पाणी मुरत नाहीं, आणि ती चोपण बनते. यासाठीं ‘अवशिष्ट सोडियम कार्बोनेट’ हें माप आहे. कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेंतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा करावी. बाकी दर लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आंत असेल तर पाणी निर्धास्त द्यावें, २.५ च्या वर असेल तर तें ओलितास अयोग्य समजावें. येथें उपाय जिप्समचा आणि निचऱ्याचा आहे.

काय करावें.— पिण्याच्या पाण्याविषयीं भारतीय मानक १०५०० (२०१२) यांत सामूची मर्यादा ६.५ ते ८.५ अशी आहे. एकूण विद्राव्य पदार्थ दर लिटरला ५०० मिलिग्रॅम, नायट्रेट ४५ मिलिग्रॅम व फ्लोराईड १ मिलिग्रॅम याहून अधिक नसावें, असेंही त्यांत सांगितलें आहे. आमच्या विहिरींस खरें भय आहे तें नायट्रेट, फ्लोराईड आणि रोगजंतु यांचें, आणि नुसता सामू वाढविल्यानें यांतील एकही भय टळत नाहीं. म्हणून कोणतेंही यंत्र घेण्यापूर्वीं पाणी तपासून घ्यावें. पंप कांहीं मिनिटें चालूं द्यावा. स्वच्छ प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्यानें तीनदां विसळून काठोकाठ भरावी. तीवर नांव, गांव, गट क्रमांक व तारीख लिहून ती त्याच दिवशीं प्रयोगशाळेंत पोंचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतून पिण्याच्या पाण्याची तपासणी होते. जंतूंच्या परीक्षेकरितां निर्जंतुक बाटली तेथूनच मागून घ्यावी. ओलिताच्या पाण्याचा नमुना निराळा भरून मृद-चाचणी प्रयोगशाळेकडे द्यावा.

तपासणीचा कागद हातीं आल्यावर विक्रेत्यास इतकेंच विचारावें : या कागदांतील कोणता दोष तुमचें यंत्र काढतें, कितीनें कमी करतें, आणि तें लिहून द्याल काय? ‘सामू वाढतो’ एवढेंच उत्तर मिळालें, तर तो दोष आपल्या कागदांत होता कीं नाहीं हें पाहून मग सही करावी.