अर्धं तिकीट कुठपर्यंत?

नांदेडहून नर्सी, बिलोलीमार्गे बोधनकडे जाणाऱ्या एसटीत कंडक्टर मशीन घेऊन पुढे सरकत असतो, तेव्हा प्रत्येक प्रवाशापाशी त्याला चार गोष्टी ठरवायच्या असतात. उतरायचं कुठे, वय किती, सवलत कोणती आणि ते गाव राज्याच्या हद्दीत येतं की नाही. मागून कुणीतरी सुटे मागत असतं, बिलोलीला उतरणारे दाराकडे सरकू लागलेले असतात आणि गाडी धावतच असते.

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर ठरतं. टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. अपुरा टप्पाही पूर्ण धरला जातो. त्यामुळे १९ किलोमीटरवर उतरणारा आणि २४ किलोमीटरवर उतरणारा, दोघेही चार टप्प्यांचेच पैसे देतात. फाट्यावर उतरणाऱ्या शेतकऱ्याला वाटतं, गाव तर अलीकडेच आलं, मग पैसे पुढच्या थांब्याचे कसे? गाडी निमआराम किंवा शिवशाही असेल, तर टप्प्याचा दरच वेगळा. रस्ता तोच आणि अंतरही तेच, तरी सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट जुळत नाही, ते यामुळे.

त्यावर सवलती येतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं, सर्व महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. मोफत प्रवास असला तरी तिकीट घ्यावंच लागतं, कारण सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं आणि त्याचा हिशेब या शून्य रुपयांच्या तिकिटावरच उभा असतो. आजोबांना हे कुणी सांगितलेलं नसतं. ‘फुकट हाय तर कागद कशाला?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो.

खरी गुंतागुंत येसगीपाशी होते. तिथे मांजरा नदी ओलांडली की तेलंगण लागतं. महाराष्ट्राची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे.

‘मावशी, हद्दीपर्यंत अर्धं, पुढं पूर्ण.’

‘सगळीकडं अर्धंच हाय म्हणले की.’

‘महाराष्ट्रात हाय, मावशी. बोधन तेलंगणात येतं.’

मावशी पदराची गाठ सोडून राहिलेले पैसे मोजतात. निघताना त्यांनी निम्म्या भाड्याचाच हिशेब धरलेला असतो. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत मोफत प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवाशांना, तिथल्या महामंडळाच्या गाडीत आणि त्या राज्याच्या हद्दीत. लातूर जिल्ह्यात उदगीर-बिदर मार्गावर हीच गत. कर्नाटकाची ११ जून २०२३ पासूनची ‘शक्ती’ योजना कर्नाटकातल्या महिलांसाठी. उदगीरची लेक बिदरला दिली असेल, तर माहेर-सासरच्या एकाच वाटेवर मायलेकींचे नियम वेगळे होतात. लातूर शहरात आणखी तिसराच प्रकार आहे. महापालिकेने आपल्या शहर बसमध्ये महिलांना प्रवास मोफत केला, तर एसटीची निम्म्या भाड्याची सवलत शहरी बससेवेला लागूच नाही.

या सीमा वाटतात तितक्या जुन्या नाहीत. निजामाच्या राज्यात जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली, तेव्हा नांदेड, लातूर, बिदर आणि निजामाबाद एकाच संस्थानात होते. १९५६ ला राज्यं वेगळी झाली. सोयरिकी, बाजार आणि दवाखाने मात्र जुन्याच वाटांवर राहिले. आजही धर्माबादची माणसं तेलंगणातल्या बासरला दर्शनाला जातात, देगलूरची माणसं खरेदीला सीमेपलीकडे जातात. त्यांच्या दृष्टीने तो एकच मुलूख आहे.

सवलती चांगल्याच आहेत. त्यांनी कितीतरी बायकांना घराबाहेर काढलं, म्हाताऱ्यांना लेकीकडे जायचं बळ दिलं. त्या समजावून सांगण्याचं ओझं मात्र सगळं कंडक्टरवर पडलं आहे. रोकड कमी भरली तर जाब त्यालाच द्यावा लागतो आणि प्रवाशाचा रागही तोच झेलतो. यूपीआय आल्याने सुट्या पैशांची कटकट थोडी हलकी झाली, पण भाडं असं का, हे मोबाइल सांगत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. नांदेड, देगलूर, बिलोली, उदगीर या स्थानकांवर ठळक अक्षरांत एक फलक लावावा: कोणत्या गावाला किती टप्पे, सवलत कुठपर्यंत, हद्दीपुढे किती रुपये. तीच फोड तिकिटावरही छापावी, मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चौकशी खिडकीवरच्या माणसाने गाडीत चढण्याआधी पूर्ण भाडं सांगावं. पदराला मोजकेच पैसे बांधून निघालेल्या बाईला आपला खर्च घरून निघताना कळला पाहिजे. सवलत देणाऱ्या सरकारने एवढं करणं हा त्या सवलतीचाच भाग आहे.