"वरून बंद आहे" म्हणजे नेमकं कुठून?

18 फेब्रुवारी 2023 ला शनिवार होता आणि महाशिवरात्र होती. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस. उपासाची खिचडी करून मंडळी टीव्हीसमोर बसली, तर सामन्याच्या जागी नुसती एक सूचना. दुपारी मी आमच्या केबलवाल्याच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीला वायरची भेंडोळी, टेबलावर नादुरुस्त सेट टॉप बॉक्सची चळत. त्याचे दोन्ही मोबाइल एकसारखे वाजत होते. एक काकू विचारत होत्या, "अरे दादा, एक तारखेला पैसे मोजून घेतोस ना? मग माझी मालिका गेली कुठे?" तो म्हणाला, "काकू, वरून बंद आहे." फोन ठेवला की पुढचा, आणि पुन्हा तेच उत्तर.

हे "वरून" कुणालाच पटत नव्हतं. वेळ मारून नेण्याची ही नेहमीची थाप, असंच ज्याला त्याला वाटत होतं. पण त्या दिवशी तो अक्षरशः खरं बोलत होता, आणि तरी दिवसभर शिव्या खात होता. ते मला फार लागलं.

झालं होतं असं. डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तीन मोठ्या वाहिनी समूहांनी फेब्रुवारीपासून नवे दर लावले होते. ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन या संघटनेतल्या केबल कंपन्यांनी त्या दरांच्या करारांवर सह्या केल्या नाहीत. नव्या दरनियमांना त्यांनी केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. सह्या नाहीत म्हणून समूहांनी सिग्नल तोडले. संघटनेच्या म्हणण्यानुसार देशभरातल्या साडेचार कोटी घरांतल्या वाहिन्या गेल्या. आठवड्याच्या आत करार झाले आणि सगळं परत आलं. पण त्या दिवसांत ऐकलेले गैरसमज आजही कानावर येतात.

"केबलवाल्यानेच चॅनेल बंद केलं"

वाहिनीचा मालक कार्यक्रम उपग्रहावर चढवतो. तो सिग्नल मोठी केबल कंपनी, म्हणजे एमएसओ, आपल्या हेडएंडवर उतरवून घेते आणि तिथून गावोगावी पाठवते. गल्लीतला केबलवाला फक्त शेवटची वायर सांभाळतो. सिग्नल कुलूपबंद येतो आणि ते उघडायची किल्ली वाहिनीच्या मालकाने हेडएंडवर बसवलेल्या यंत्रात असते. मालकाने तिथे परवानगी काढून घेतली की गल्लीतला माणूस काहीही करू शकत नाही. करारावर त्याची सही नसते. सही करायची की नाही, हेही त्याला कुणी विचारत नाही.

पूर्वी असं नव्हतं, आणि हा गैरसमज त्या पूर्वीच्या दिवसांतूनच आला आहे. ॲनालॉग केबलच्या काळात पोलावरून वायर जोडली की सगळी चॅनेल दिसायची. किती घरांत जोडणी आहे हे केबलवाल्यालाच ठाऊक. हजार घरं असली तरी वर आकडा तीनशेचा सांगितला जायचा. वाहिन्यांचे मालक म्हणायचे हा आमच्या पैशांवर दरोडा आहे. केबलवाले म्हणायचे तुम्ही दर मनाला येतील तसे वाढवता, मग आम्ही काय करावं? ही एकमेकांवरच्या अविश्वासाची गाठ आजच्या प्रत्येक भांडणाच्या मुळाशी आहे. 31 ऑक्टोबर 2012 ला मुंबईत आणि 31 मार्च 2013 ला पुणे, नागपूर, नाशिक धरून देशातल्या 38 शहरांत डिजिटल बॉक्स सक्तीचा ठरला. त्यानंतर घरं मोजता येऊ लागली. त्याबरोबरच चालू-बंदची सत्ताही गल्लीतून वर गेली.

"पण शेजारच्या डिशवर तर दिसतंय!" हा त्याच दिवशीचा दुसरा टोमणा. दिसणारच होतं. डीटीएच कंपन्यांनी आणि संघटनेबाहेरच्या कित्येक केबल कंपन्यांनी सह्या केल्या होत्या. सिग्नल सही बघून मिळतो, वायर आहे की डिश हे बघून नाही. डीटीएचवाल्यांच्या घरीही असे दिवस येऊन गेले आहेत: ऑक्टोबर 2018 मध्ये टाटा स्कायने सोनीच्या वाहिन्या आपल्या पॅकमधून काढल्या होत्या.

"भांडण एका चॅनेलच्या दराचं असतं"

ते पॅकचं असतं. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपलं बिल ठरतं ते इथेच.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 3 मार्च 2017 ला नवा दर आदेश काढला. वाहिनी समूहांनी त्याला आव्हान दिलं. 30 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि फेब्रुवारी 2019 पासून आपण सगळे चॅनेल निवडायच्या याद्या भरू लागलो. आदेशामागचा विचार सरळ होता: प्रत्येक वाहिनीचा सुटा दर जाहीर व्हावा, आणि जे बघायचं त्याचेच पैसे द्यावेत. 19 रुपयांपेक्षा महाग वाहिनी पॅकमध्ये घालायची नाही, अशीही अट होती.

समूहांनी मग काय केलं? आपल्या लाडक्या वाहिन्यांचे दर नेमके 19 रुपयांवर नेऊन ठेवले आणि पॅकवर अशी भरघोस सूट दिली की सुटी घेणं वेडेपणा ठरावं. समजा, तुम्हाला 19 रुपयांच्या दोन वाहिन्या हव्यात. सुट्या घेतल्या तर 38 रुपये. त्याच दोन, सोबत तुम्ही कधी न बघितलेल्या आठ, असा पॅक तीस-पस्तीस रुपयांत समोर येतो. घेणारा पॅकच घेतो. त्या आठ वाहिन्या अशा रीतीने लाखो घरांत पोचतात, आणि जितकी घरं जास्त तितका जाहिरातीचा दर जास्त. समूहाची खरी कमाई तिथे आहे. म्हणून समूह पॅकसाठी जिवावर उदार होऊन भांडतो.

हे लक्षात आल्यावर ट्रायने 1 जानेवारी 2020 च्या दुरुस्तीत 19 ची मर्यादा 12 वर आणली. समूह मुंबई उच्च न्यायालयात गेले; 30 जून 2021 च्या निकालात न्यायालयाने दुरुस्तीचा बहुतेक भाग कायम ठेवला. तरीही नोव्हेंबर 2022 मध्ये मर्यादा पुन्हा 19 झाली आणि पॅकवर 45 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा मिळाली. माझ्या मते ही माघार चुकीची होती. 12 च्या मर्यादेने गाजलेल्या वाहिन्या एक तर स्वस्त झाल्या असत्या, नाहीतर पॅकबाहेर पडल्या असत्या, आणि घेणाऱ्याला खरी निवड मिळाली असती. नोव्हेंबरची ही दुरुस्ती झाली, नवे दर आले आणि तीन महिन्यांच्या आत महाशिवरात्रीचा तो शनिवार उजाडला.

"केबलवाला गबर होतो"

19 रुपयांच्या वाहिनीचा हिशेब मांडून बघा. कर वेगळा. त्यातले किमान 20 टक्के, म्हणजे 3 रुपये 80 पैसे, वितरणाचे. वर 15 टक्क्यांपर्यंत सवलत समूह देऊ शकतो, पण देईलच असं नाही. हे 3 रुपये 80 पैसे केबल कंपनी आणि गल्लीतला केबलवाला यांच्यात वाटले जातात. दोघांनी आपसात वेगळं ठरवलं नसेल तर वाटणी 55 आणि 45 ची. म्हणजे त्याच्या हाती येतात 1 रुपया 71 पैसे. त्याचा मुख्य आधार नेटवर्क शुल्काचा: बरीच वर्षं ते जास्तीत जास्त 130 रुपये होतं, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, आणि त्याचीही तशीच वाटणी. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली. "फ्री टू एअर" वाहिन्यासुद्धा केबलवर फुकट का नसतात, याचं उत्तर हेच शुल्क आहे. वाहिनीचा दर शून्य असतो, वायरीचा नसतो.

"पैसे नेहमी केबलवालेच चॅनेलला देतात"

लोकप्रिय वाहिनीला केबल कंपनी पैसे देते, हे खरं. पण नवख्या, छोट्या वाहिनीला उलट केबल कंपनीलाच पैसे मोजावे लागतात. त्याला कॅरेज फी म्हणतात. ॲनालॉग काळात जागा मोजक्या होत्या आणि जुन्या टीव्ही संचांवर सगळे बँड नीट लागतही नसत. चांगल्या बँडवर पहिल्या काही नंबरांत बसायला वाहिन्या भरमसाट पैसे मोजत. लहान प्रादेशिक वाहिन्यांचं त्यात फार नुकसान झालं. कार्यक्रमावर लागायला हवा तो पैसा जागा मिळवण्यात गेला. 2017 च्या नियमांनी यावर लगाम घातला: साध्या वाहिनीसाठी दर ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त 20 पैसे, एचडीसाठी तेव्हा 40. आणि त्या कंपनीच्या 20 टक्के किंवा त्याहून जास्त ग्राहकांनी वाहिनी घेतली, तर फी शून्य. ट्रायचा हा नियम मला मनापासून आवडतो.

"ट्राय एक फोन करून चालू करून देईल"

ट्राय नियम करते. कंपन्यांमधला तंटा सोडवणं टीडीसॅट या न्यायाधिकरणाचं काम. वाहिनी मालकाने मागेल त्या वितरकाला भेदभाव न करता सिग्नल द्यावा, आणि तोडण्याआधी तीन आठवड्यांची नोटीस द्यावी, हे नियमात आहे. पण लेखी कराराशिवाय सिग्नल देऊ नये, हेही नियमात आहे. 2023 मध्ये गाडी याच दुसऱ्या नियमावर अडली.

"दूरदर्शनवर तरी मॅच दिसेलच"

देशासाठी महत्त्वाच्या सामन्यांचे सिग्नल प्रसार भारतीला द्यावेत, असा कायदा 2007 पासून आहे. पण ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असा मिळालेला सामना दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवायचा. खासगी केबल आणि डीटीएचवरून तो पुढे पाठवायचा नाही. म्हणून फ्री डिश असलेल्या खेड्यातल्या घरात सामना दिसतो, आणि दरमहा पैसे भरणाऱ्या शहरातल्या घरात त्याच वेळी दूरदर्शनवर दुसरंच काही चालू असतं.

"इंटरनेटवर गेलं की ही कटकट संपली"

अमेरिकेकडे बघा. तिथे 1992 च्या कायद्याने स्थानिक वाहिन्यांना केबल कंपन्यांकडून मोबदला मागता येऊ लागला. 2013 मध्ये टाइम वॉर्नर केबल आणि सीबीएस यांच्या भांडणात न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि डॅलसमधल्या केबल ग्राहकांना जवळपास महिनाभर सीबीएस दिसलं नाही. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीला तर यूट्यूब टीव्हीवरून डिस्नेच्या वाहिन्या दोन आठवडे गायब होत्या, आणि ही सेवा पूर्णपणे इंटरनेटवर चालते. आपल्याकडे ओटीटीला ट्रायचे हे दरनियम लागूच नाहीत. तिथे 19 रुपयांची मर्यादा नाही, तीन आठवड्यांची नोटीसही नाही.

"बंद होतं त्या दिवसांचे पैसे बुडाले"

बुडायला नकोत. वाहिनी वितरकाकडे उपलब्धच नसेल, तर बंद झाल्या दिवसापासून तिचे पैसे ग्राहकाकडून घेता येत नाहीत. मात्र हा हिशेब क्वचितच कुणी आपणहून करतं, मागावा लागतो. आणि तो मागायचा केबल कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, कारण बिलाची यंत्रणा तिची असते.

मार्चच्या एक तारखेला मी पुन्हा त्या जिन्याखालच्या खोलीत होतो. त्याच काकू आल्या होत्या. त्यांची वाहिनी सुटी घेतलेली होती आणि ती सहा दिवस बंद होती. हिशेब चार रुपयांच्या आसपास. केबलवाल्याने कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, तक्रार नोंदवून घेतली आणि नंबर काकूंच्या कार्डाच्या मागे लिहून दिला. काकूंनी चष्मा काढून तो नंबर एकदा वाचून बघितला आणि कार्ड पिशवीत ठेवलं. "म्हणजे तू नव्हतंस रे बंद केलं," त्या म्हणाल्या. त्याने नुसती मान हलवली आणि वाजणारा दुसरा फोन उचलला.