अमारोने : वाळवलेल्या द्राक्षांची दमदार वाइन

मूळ : इटलीतल्या व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला टेकड्या. मुख्य द्राक्ष कोर्विना. 2010 पासून डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा.

घडण : तोडलेले घड हवेशीर माडीवर उथळ पेट्यांत एकेरी थराने पसरतात. तीन-चार महिन्यांत साल सुरकुततं, साधारण एक तृतीयांश वजन घटतं, साखर आणि स्वाद एकवटतात. मग द्राक्षं चिरडून रस सावकाश आंबवतात. त्यापुढे किमान 2 वर्षं मुरवण, ‘रिझेर्व्हा’साठी 4.

पेल्यात : गडद माणकासारखा रंग, मुरलेली चेरी, सुका आलुबुखारा, कोको यांचा दरवळ. वास गोडसर, पण चव कोरडी आणि भरदार. मद्यार्क किमान 14 टक्के, बहुधा 15च्या पुढे.

ताटात : याच वाइनमध्ये शिजवलेला रिसोत्तो, मंद आचेवर तासन्‌तास रटरटलेलं बीफ, हरणाचं मांस, जुनं मोंते व्हेरोनेजे चीज. मांस-चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धता टॅनिनचा तुरटपणा मवाळ करतात. नाजूक मासे तिच्यापुढे फिके पडतात. झणझणीत रस्सा तर टाळाच, मद्यार्कामुळे तिखट अधिकच झोंबतं.

वाढताना : तासभर आधी डिकँटरमध्ये ओता. तापमान 16 ते 18 अंश सेल्सिअस, पेला मोठ्या पोटाचा.