शून्य लावून फिरवा

साताऱ्याच्या आमच्या घरात फोनशेजारी एक डायरी असायची. निळं रेक्झिनचं कव्हर आणि कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेल्या. अजूनही आहे ती. परवा उघडली आणि तासभर खालीच ठेवली नाही. पुण्याच्या आत्याच्या नावापुढे ०२१२ होतं, ते खोडून अण्णांनी ०२० केलेलं. साताऱ्यातल्या झाडून सगळ्या नंबरांच्या डावीकडे लाल शाईने एकेक २ घातलेला. आणि काही नावांपुढे कंसात ‘पी. पी.’. म्हणजे फोन त्यांचा नाही, शेजाऱ्यांचा. निरोप दिला की शेजारी हाक मारून बोलावतील. लग्नपत्रिकांवरसुद्धा हे पी. पी. छापलेलं असायचं.

लहानपणी मी आत्याला फोन लावायला बसलो की अण्णा आतून ओरडायचे, “बाहेरगावचा आहे, शून्य लावून फिरव!” ते शून्य काय करतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर त्या आखणीबद्दल मनात जो आदर बसला तो आजही आहे.

जुनं टेलिफोन एक्स्चेंज तुमचा अख्खा नंबर कधी एकदम बघत नसे. आकडे एकामागून एक येत आणि प्रत्येक आकड्याबरोबर यंत्र एक पाऊल पुढे टाकत असे. तबकडीच्या भोकात बोट घालून ती फिरवली आणि सोडली, की परत येताना ती लाइन तेवढ्या वेळा तोडायची. १ ला एक ठोका, २ ला दोन, आणि ० ला शून्य नव्हे, दहा ठोके. सेकंदाला साधारण दहा ठोके पडत. म्हणजे पोलिसांचा १०० फिरवायला नुसत्या ठोक्यांचीच दोन सेकंदं जात. शिवाय तबकडी दोनदा शेवटापर्यंत ओढायची. अमेरिकेत १९४७ साली शहरांना कोड वाटले तेव्हा न्यूयॉर्कला २१२, लॉस एंजेलिसला २१३, शिकागोला ३१२ मिळाले, ते याच कारणाने. जिथे सर्वांत जास्त फोन लागणार, तिथला कोड सर्वांत कमी ठोक्यांचा.

आकडा येताक्षणी यंत्राला ठरवायचं असतं की हा फोन कुठल्या वाटेने न्यायचा. म्हणून नंबरांची सगळी शिस्त डावीकडून चालते आणि पहिल्या आकड्याला सर्वांत जास्त मान. आपल्याकडे पहिला आकडा ० आला तर फोन गावाबाहेर चालला. १ आला तर विशेष सेवा: १००, १०१, १०८, आता सगळ्यांसाठी मिळून ११२. त्यामुळे कुणाच्याही घरचा लँडलाइन नंबर ० किंवा १ ने सुरू होत नाही. झाला असता तर साताऱ्यातल्या एखाद्या घरी फोन लावताना एक्स्चेंजला वाटलं असतं, यांना मुंबई हवी आहे.

शून्यानंतर येतो एसटीडी कोड. मुंबई २२, कोल्हापूर २३१, सातारा २१६२. कुणाचा कोड दोन आकडी, कुणाचा चार, हे वरवर मनमानी वाटतं. पण कोडपुढचा घरचा नंबर मोजा. मुंबईत आठ आकडी, कोल्हापुरात सात, साताऱ्यात सहा. बेरीज सगळीकडे दहा. ज्या शहराला भरपूर नंबर लागणार, त्याला कोड आखूड दिला आणि उरलेली जागा नंबरांना सोडली. २ ने सुरू होणारे सहा आकडी नंबर जास्तीत जास्त एक लाख होतात. आठ आकडी एक कोटी. पुण्याचं ०२१२ जाऊन ०२० आलं ते यामुळेच. पुणं वाढलं, म्हणून पुण्याचा कोड आखडला. देशभरात असे अडीच हजारांहून अधिक कोड-विभाग आहेत, एकेक साधारण तालुक्याएवढा. एवढ्या मोठ्या देशातल्या प्रत्येक गावाला दहा आकड्यांत बसवायचं आणि एकाही नंबराची सुरुवात दुसऱ्याच्या वाटेत येऊ द्यायची नाही, हे काम ज्यांनी केलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. मला ते धरण बांधण्याइतकं मोठं काम वाटतं.

लाल शाईतल्या २ ची गोष्टही याच शिस्तीतली. लँडलाइनमध्ये खासगी कंपन्या आल्या तेव्हा कुणाचा फोन कुठल्या जाळ्यात न्यायचा, हे पहिल्याच आकड्यावरून कळायला हवं होतं. सरकारी फोनना २ मिळाला आणि खासगी कंपन्यांना ३, ४, ६ असे आकडे वाटून दिले. साताऱ्याचे पाच आकडी नंबर सहा आकडी झाले आणि अण्णांनी एका रविवारी चष्मा लावून अख्खी डायरी दुरुस्त केली.

कोडांचा नकाशा मात्र आपल्या शाळेतल्या नकाशाशी जुळत नाही. ०२ चं घराणं मुंबईचं: पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, सगळा कोकण, आणि त्याच घराण्यात सुरत, वडोदरा, राजकोटही. विदर्भ त्यात नाही. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, चंद्रपूर ०७१७२. ही भोपाळ (०७५५) आणि इंदूर (०७३१) यांची भावंडं. गोवा तर अख्खा एका कोडात, ०८३२, आणि त्याचा लगतचा भाऊ बेळगाव, ०८३१. क्रमांकांचे विभाग राज्यांच्या सीमा बघून आखलेले नव्हते, जाळ्याच्या सोयीने आखलेले होते. मुंबईच्या कुशीतल्या डोंबिवलीलाही ०२२ मिळाला नाही. ठाणं आणि नवी मुंबई ०२२ मध्ये, कल्याण-डोंबिवली ०२५१ मध्ये. रोज लोकलने मुंबईत जाणाऱ्या माणसाचं घर फोनच्या दृष्टीने परगावी.

हे कोड येण्याआधी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑपरेटरला नंबर सांगायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. घाई असेल तर जास्त पैसे मोजून ‘अर्जंट’, जिवाची घाई असेल तर ‘लाइटनिंग’. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात आपल्याकडची पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि मधला ऑपरेटर गेला. त्याची जागा शून्याने घेतली, आपण जो कोड फिरवतो त्याने घेतली. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ आले आणि रात्र चढली की पाव दरासाठी रांगा लागू लागल्या.

देशाबाहेरही हीच रीत. जागतिक नियमानुसार कुठलाही नंबर देशाच्या कोडसह पंधरा आकड्यांपेक्षा लांब असू शकत नाही. जगाचे विभाग केले, त्यात ९ ने सुरू होणाऱ्या पट्ट्यात आपण ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४. अमेरिका आणि कॅनडा दोघांना मिळून १. नंबराआधीचं अधिक चिन्ह (+) म्हणजे ‘तुमच्या देशातून बाहेर पडायचा जो काही आकडा असेल तो’. आपल्याकडे तो ००, अमेरिकेत ०११. आणि इथे आपलं लाडकं शून्य गळतं. न्यू जर्सीतून साताऱ्याला फोन करणाऱ्याने ९१ नंतर थेट २१६२ लावायचं. शून्य हा नंबराचा भाग नाहीच. तो फक्त गावच्या वेशीचा दरवाजा. परदेशातून येणारा आत शिरतो तो दुसऱ्याच दरवाज्याने. कित्येक व्हिजिटिंग कार्डांवर अजून +९१ पुढे ०२२ छापलेलं दिसतं, आणि तो नंबर बाहेरून जसाच्या तसा लावला तर लागत नाही.

मोबाइल आला तो १९९५ च्या जुलैअखेरीस, आणि पहिली मालिका होती ९८ ची. कोड नाही, गाव नाही. फक्त दहा आकडे आणि एक सर्कल, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा विभाग. सुरुवातीला त्यातही पत्ता होता. ९८२० म्हणजे मुंबई, ९८२२ म्हणजे उरलेला महाराष्ट्र आणि गोवा, ९४२२ म्हणजे बीएसएनएल. होय, लँडलाइनमध्ये बेळगावचा भाऊ असलेला गोवा मोबाइलमध्ये महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे, आणि आपली डोंबिवली मोबाइलपुरती मुंबईत! पण २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कलही. तेव्हापासून ९८२२ वाला माणूस कुठल्या कंपनीचा, कुठल्या राज्यात, हे आकड्यांवरून कळत नाही. आता फोन लावला की आधी एका मोठ्या यादीत बघितलं जातं, हा नंबर सध्या कुणाकडे आहे. तिथून तो पुढे जातो. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर हे योग्यच झालं. नंबर माणसाचा व्हायला हवा होता, कंपनीचा नव्हे. पण नंबर ऐकताच समोरच्याचं गाव डोळ्यांपुढे यायचं, ते गेलं याची मला हळहळ आहे.

नंबर वापरात नसले की फिरूनही येतात. बंद पडलेला मोबाइल नंबर नव्वद दिवसांआधी दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर देऊ शकतात. माझ्या मुलीने सिम घेतलं त्यानंतर महिनाभर तिला फोन येत होते, “मामा, ट्रॅक्टर कधी पाठवताय?” शेवटी तिने त्या मामांचा नवा नंबर शोधून सगळ्यांना दिला. आकड्यांवरून काहीच कळत नाही असंही नाही. जाहिरातींच्या फोनसाठी १४०, बँका-विमा आणि सरकारी कामांसाठी १६०० अशी सुरुवात ठरवून दिली आहे. खरं तर पहिले तीन-चार आकडे वाचायची जुनी सवय इथे उपयोगी पडते. बँकेच्या नावाने बोलणारा साध्या मोबाइलवरून बोलत असेल तर सावध व्हावं.

आणि शून्य पुन्हा परत आलं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला, मग तो शेजारच्या खोलीत का असेना, आधी शून्य लावावं लागतं. कारण तेच, पहिला आकडा. मोबाइलच्या मालिका ९, ८, ७ करत ६ पर्यंत उतरल्या आणि ६ ने सुरू होणारे लँडलाइनही होते. शून्याची वेस मध्ये घातली की दोन्हीकडचे आकडे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्यातून सुमारे २५४ कोटी जास्तीचे नंबर मोकळे होतील, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा हिशेब होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने पुढची शिफारस केली. लँडलाइनवरून लँडलाइनला, गावातल्या गावातसुद्धा, शून्य आणि कोड लावूनच फोन करायचा.

म्हणजे मंगळवार पेठेतल्या मावशीला फोन करायचा तर अकरा आकडे. आधी पाच होते, मग लाल शाईने सहा झाले. मी पेन घेऊन डायरीचं ‘म’चं पान उघडलं. नवे आकडे नेहमी डावीकडेच येतात, आणि मावशीच्या नंबराच्या डावीकडे, त्या लाल २ च्या अलीकडे, पानाला आता जागा नाही.