राष्ट्रध्वजाचे वस्त्र, ध्वजकायदे व धर्मस्वातंत्र्य

राष्ट्रध्वजाविषयीचे नियम हे निरनिराळ्या देशांत मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरतात. ध्वज कशापासून व कोणत्या रीतीने तयार करावा, तो कोणी व कसा लावावा, आणि ज्याच्या धर्माला किंवा सदसद्विवेकबुद्धीला ध्वजवंदन मान्य नाही अशा नागरिकाशी राज्यसंस्थेने कसे वागावे, हे ते तीन प्रश्न होत. बहुतेक देशांचे कायदे दुसऱ्या प्रश्नावरच भर देतात. भारताचे वेगळेपण असे की, येथे पहिला प्रश्न, म्हणजे ध्वजाच्या कापडाचा प्रश्न, जवळजवळ शंभर वर्षे सार्वजनिक वादाचा विषय राहिला आहे. या वादाचे बरेच धागे विदर्भातील वर्धा जिल्ह्याशी जोडलेले आहेत.

वर्धा आणि ध्वज

ध्वजासाठी लोकांनी तुरुंगवास पत्करण्याचा पहिला मोठा प्रसंग नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचा होय. चरख्याचे चिन्ह असलेला झेंडा घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातून मिरवणूक नेण्यास मध्य प्रांताच्या सरकारने मनाई केली. त्यानंतर १ मे १९२३ रोजी हा सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व वर्ध्याचे व्यापारी व काँग्रेसचे नेते जमनालाल बजाज यांनी केले. विनोबा भावे १९२१ पासून वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळत होते. त्यांनाही या सत्याग्रहात कारावास झाला. जमनालालजींच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्ट १९२३ मध्ये मिरवणूक त्या भागातून गेल्यावर सत्याग्रह थांबविण्यात आला. या लढ्यात सरकारने वापरलेले हत्यार ध्वजाविषयीच्या कायद्याचे नव्हते, तर जमावबंदीच्या कलमाचे होते. ध्वजावर स्वतंत्र कायदा नसतानाही ध्वज लावणे हा गुन्हा ठरू शकतो, हे यातून दिसून आले.

१९ वर्षांनी वर्धा जिल्ह्यातच याहून भीषण प्रसंग घडला. ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या काळात १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टी येथील पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकविण्यासाठी मोठा जमाव गेला. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सत्याग्रही मृत्युमुखी पडले आणि संतप्त जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. या घटनेमुळे आष्टी हे गाव ‘हुतात्म्यांची आष्टी’ म्हणून ओळखले जाते.

चरखा: यंत्र आणि चिन्ह

१९२१ मध्ये पिंगळी वेंकय्या यांनी बेझवाडा येथे महात्मा गांधींना ध्वजाचा आराखडा सादर केला. त्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरचे लाला हंसराज यांची होती. गांधीजींच्या त्या वेळच्या विवरणात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा अन्य धर्मीयांचा मानला गेला होता. हे विवरण फार काळ टिकले नाही. रंग धर्मांना वाटून दिले की प्रत्येक समाज आपला रंग मागणार, हे उघड होते; शिखांनी तशी मागणी केलीही. १९३१ मध्ये काँग्रेसने नेमलेल्या सात जणांच्या समितीत काका कालेलकर व डॉ. ना. सु. हर्डीकर हेही होते. या समितीने एकाच केशरी रंगाचा, चरखा असलेला ध्वज सुचविला. अखिल भारतीय काँग्रेस समितीने तो स्वीकारला नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये केशरी, पांढरा व हिरवा हे रंग आणि मध्ये चरखा असा ध्वज संमत करताना या रंगांना कोणताही जातीय अथवा धार्मिक अर्थ नाही, असे स्पष्ट करण्यात आले. केशरी रंग धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा आणि हिरवा श्रद्धा व समृद्धीचा मानण्यात आला.

चिन्ह म्हणून चरखा ध्वजावर असतानाच, वस्तू म्हणून त्यावर वर्ध्यात सातत्याने काम चालू होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. कुमारप्पा धर्माने ख्रिस्ती होते आणि त्यांनी येशूच्या शिकवणुकीवरही लेखन केले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेथे चरखे व ग्रामोद्योगांची साधने पाहावयास मिळतात. चरखा हे भूतकाळाचे प्रतीक नसून सुधारता येण्याजोगे यंत्र आहे, ही त्यामागील भूमिका होती. आज चरखा केवळ चित्रात पाहणाऱ्यांच्या ध्यानात हे सहसा येत नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘वर्धा शिक्षण योजना’ अथवा नई तालीम पुढे आली. तिचा सविस्तर आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. हस्तोद्योग, विशेषतः टकळीवरील सूतकताई, हा या योजनेचा गाभा होता. धर्मशिक्षणाला मात्र तीत जाणीवपूर्वक स्थान दिले नव्हते, कारण त्या काळी धर्म ज्या रीतीने शिकविले जात त्यातून ऐक्याऐवजी कलह वाढतो, असे गांधीजींचे मत होते. तरीही ही योजना वादातून सुटली नाही. मुस्लिम लीगने १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीरपूर अहवालात काँग्रेसशासित प्रांतांतील ‘वंदे मातरम्’चे गायन व सार्वजनिक संस्थांवरील तिरंगा यांबरोबरच वर्धा योजनेविषयीही तक्रारी होत्या. या तक्रारींच्या मागे राजकारण होते, यात शंका नाही. परंतु शाळेत सर्वांकडून एकच विधी करवून घेतल्यास अल्पसंख्याकांच्या मनात काय येते, हा त्यातला प्रश्न खरा होता, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या न्यायालयांसमोर तो आलाच.

१९४७ नंतरचे भारतीय नियम

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. यामागील एक कारण अगदी व्यावहारिक होते: ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी चिन्ह सारखेच दिसले पाहिजे, आणि चरख्याची आकृती उलट बाजूने पाहिल्यास उलटी दिसते. चोवीस आऱ्यांचे चक्र कोणत्याही बाजूने तसेच दिसते. चरखा गेल्याचे गांधीजींना दुःख झाले. मात्र चरख्याचे चिन्ह गेले तरी त्याचे काम नियमात टिकून राहिले. ध्वज हातकताईच्या व हातविणीच्या खादीचाच असावा, हा दंडक कायम राहिला. एखाद्या देशाने आपल्या ध्वजासाठी रंग व आकाराबरोबर कापड तयार करण्याची रीतही ठरवून द्यावी, हे जगात दुर्मीळ आहे.

ध्वजाचे कापड, रंगांचा पक्केपणा, शिवण व मापे यांसाठी १९५१ मध्ये भारतीय मानक तयार झाले. ध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३:२ असते. प्रमाणित मापे नऊ असून सर्वांत मोठे ६,३०० × ४,२०० मि.मी., तर सर्वांत लहान १५० × १०० मि.मी. आहे. ध्वजाच्या खादीसाठी महाराष्ट्रात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती व कर्नाटकात हुबळीजवळील बेंगेरी येथील केंद्र प्रसिद्ध आहे.

राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ अन्वये सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे, फाडणे, तुडविणे अथवा त्याचा अन्य प्रकारे अवमान करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. मात्र सामान्य नागरिकाला रोज ध्वज लावण्याची मुभा दीर्घकाळ नव्हती. हा बदल एका तुलनेतून घडला. अमेरिकेतील टेक्सास येथे शिकून आलेले उद्योजक नवीन जिंदल यांनी तेथे लोक घरांवर व दुकानांवर सहज ध्वज लावतात हे पाहिले होते. भारतात परतल्यावर त्यांनी आपल्या कारखान्यावर ध्वज लावला, त्यास हरकत घेण्यात आली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला.

३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. मगन संग्रहालयाच्या उद्घाटनाचीही तारीख ३० डिसेंबरच होती, हा केवळ योगायोग. जुलै २०२२ मध्ये उघड्यावरील अथवा घरावरील ध्वज दिवसरात्र लावण्याची अनुमती देण्यात आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली. एवढ्या मोठ्या संख्येने ध्वज थोड्या दिवसांत हातमागावर विणून होणे शक्य नव्हते, हे समर्थकांचे म्हणणे खरेच होते. खादी संस्थांचे म्हणणेही निराधार नव्हते: ध्वजाची खादी हा काही कारागिरांच्या वर्षभराच्या रोजगाराचा आधार आहे आणि स्वस्त ध्वजाशी ती किमतीत टिकू शकत नाही.

अन्य देशांतील नियम

अमेरिकेत १९४२ पासून ध्वजसंहिता आहे, परंतु तिच्या उल्लंघनासाठी सामान्य नागरिकाला प्रत्यक्षात शिक्षा होत नाही. ध्वजाच्या कापडाविषयी तेथे भारतासारखा दंडक नाही. नायलॉनचे ध्वज सर्रास विकले जातात. २०२४ मध्ये केंद्र सरकारने विकत घ्यावयाचे ध्वज पूर्णतः अमेरिकेत तयार झालेले असावेत, असा कायदा झाला. म्हणजे तेथे प्रश्न ‘कसा बनविला’ असा नसून ‘कोठे बनविला’ असा आहे. निषेध म्हणून ध्वज जाळणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने दिला. जर्मनीत राष्ट्रध्वजाच्या अवमानासाठी भारताप्रमाणेच तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जीर्ण झालेला ध्वज जाळून नष्ट करणे ही भारतीय व अमेरिकी अशा दोन्ही संहितांनी सुचविलेली रीत आहे. भारतीय संहितेनुसार ते खाजगीत व ध्वजाची प्रतिष्ठा राखून करावे लागते.

काही ध्वजांवर धर्माचे चिन्ह उघडच असते. स्वित्झर्लंड व नॉर्डिक देशांच्या ध्वजांवर क्रूस आहे, सौदी अरेबियाच्या ध्वजावर इस्लामचा कलमा आहे. सौदी ध्वज याच कारणाने शोकप्रसंगीही अर्ध्यावर उतरविला जात नाही. २००७ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने मुलांसाठी वाटलेल्या फुटबॉलांवर अनेक देशांचे ध्वज छापलेले होते आणि त्यांत सौदी ध्वजही होता. कलमा पायाने तुडविला जाणार म्हणून तेथे निदर्शने झाली. सद्हेतूने छापलेले एक चित्र पुरेसे ठरले.

वंदनाची सक्ती आणि सदसद्विवेक

धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे खटले यहोवाज् विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांमुळे उभे राहिले. ध्वजाला वंदन करणे ही मूर्तिपूजाच होय, अशी या पंथाची श्रद्धा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये शाळांची सक्ती वैध ठरविली. त्यानंतर या पंथीयांवर अनेक ठिकाणी हल्ले झाले. १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला आणि कोणाही विद्यार्थ्यावर वंदनाची सक्ती करता येणार नाही असे ठरविले. त्या काळातील अमेरिकी वंदनाची पद्धत हात पुढे ताणून धरण्याची होती. ती नाझी अभिवादनासारखी दिसू लागल्याने डिसेंबर १९४२ मध्ये छातीवर हात ठेवण्याची रीत आली. जर्मनीत तर नाझी अभिवादन नाकारल्यामुळे याच पंथाच्या लोकांना छळछावण्यांत जावे लागले होते. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५९ चा आपला निर्णय १९९३ मध्ये बदलून अशा विद्यार्थ्यांना शाळेतून काढता येणार नाही असे म्हटले.

भारतात हा प्रश्न राष्ट्रगीताच्या निमित्ताने आला. केरळमधील याच पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला. १९७१ चा कायदा राष्ट्रगीत गाण्यात अडथळा आणणाऱ्यास शिक्षा करतो. शांतपणे उभे राहून न गाणाऱ्याला नव्हे, असे न्यायालयाने दाखवून दिले. मौन हाही अभिव्यक्तीचा भाग मानला गेला आणि अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्यही मान्य झाले. येथे मर्यादाही लक्षात घ्यावी लागते: ही मुले उभी राहत होती. कोणी उभे राहण्यासच नकार दिला तर काय, याचे उत्तर या निर्णयात नाही. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत २००३ पासून राष्ट्रगीत लावण्याची पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी ती देशभर बंधनकारक केली व ९ जानेवारी २०१८ रोजी ऐच्छिक ठरविली.

मुंबई उच्च न्यायालयासमोर २०१३ मध्ये नाशिकमधील एका शिक्षकाचे प्रकरण आले होते. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास त्यांनी नकार दिला होता. न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करणारी असल्याचे म्हटले.

जपानची वाटचाल याच्या उलट दिशेने झाली. तेथे ध्वज व राष्ट्रगीत यांना कायद्याचा आधार ऑगस्ट १९९९ मध्ये मिळाला. त्यानंतर २००३ मध्ये टोकियोच्या शिक्षण मंडळाने शिक्षकांना ध्वजासमोर उभे राहून राष्ट्रगीत गाण्याचा आदेश दिला. युद्धकाळाच्या आठवणींमुळे किंवा श्रद्धेमुळे अनेकांनी तो पाळला नाही व त्यांच्यावर कारवाई झाली. २०११ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश संविधानाशी सुसंगत ठरविले. पुढच्या वर्षी मात्र कडक शिक्षा देताना सावधगिरी बाळगावी असे सांगितले.

डेन्मार्कमधील स्थिती या सर्वांहून निराळी आहे. स्वतःचा ध्वज जाळणे तेथे गुन्हा नाही, पण डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांची सार्वजनिक विटंबना करण्यावर बंदी घालणारा कायदा संमत झाला. परदेशी ध्वजांबाबत मात्र तेथे कडक नियम आहेत. २०२५ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार नॉर्डिक देश व जर्मनी वगळता अन्य देशांचा ध्वज ध्वजस्तंभावर लावण्यासाठी परवानगी लागते. त्यामुळे तेथील मराठी कुटुंबाला १५ ऑगस्टला अंगणातील स्तंभावर तिरंगा फडकवावयाचा असेल, तर तो खादीचा आहे की पॉलिस्टरचा, हे कोणी विचारणार नाही. परवानगी घेतली आहे की नाही, हे मात्र विचारले जाईल.